शेवटच्या खाचेपर्यंत

एलपीवरची गाणी संपली की लेबलच्या बाहेर एक गुळगुळीत काळा पट्टा उरतो. त्यात एकच सैलसर खाच असते. ती पिनेला आत नेते आणि लेबलजवळच्या बंद वर्तुळात सोडून देते. ऐकणारा उठतो, पिन उचलतो, रेकॉर्ड पाकिटात घालतो. त्या पट्ट्याकडे निरखून बघण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही. पण बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमची जुनी ब्रिटिश प्रत हाती आली, तर दुसऱ्या बाजूचा तो पट्टा आधी बघावा. १९६७ साली त्या रिकाम्या जागेतही आवाज कोरला गेला होता. आधी १५ किलोहर्ट्झचा एक सूर येतो. तो कुत्र्यांना स्वच्छ ऐकू येतो, उतारवयातल्या माणसाला बहुधा येतच नाही. मग शेवटच्या बंद वर्तुळात हसण्याबोलण्याचे उलटसुलट जोडलेले अर्थहीन तुकडे येतात. पिन उचलली नाही तर ती बडबड फिरतच राहते.

ही नुसती गंमत नव्हती. हा अल्बम करणाऱ्यांनी तबकडी नावाची वस्तू कडेपासून मध्यापर्यंत वापरायची ठरवली होती. जॅकेट, आतलं पाकीट, दोन बाजूंमधला खंड आणि गाण्यांमधली शांत जागा या सगळ्यांचा त्यांनी विचार केला. म्हणून ही जुनी रेकॉर्ड सेकंडहँड घ्यायची तर ती वाचायला शिकावं. ती वाचता आली की अल्बम कसा घडला हेही उलगडत जातं, आणि दोन पैसे वाचतात ते वेगळेच.

ध्वनिमुद्रण सुरू झालं २४ नोव्हेंबर १९६६ रोजी, लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत, आणि ते पुढच्या एप्रिलपर्यंत चाललं. बीटल्सनी ऑगस्टमध्ये दौरे कायमचे थांबवले होते. त्यामुळे ही गाणी रंगमंचावर वाजवून दाखवायची अट उरली नव्हती. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांच्याकडे यंत्रं होती ती चार ट्रॅकची. एका टेपवर चारच आवाज स्वतंत्र ठेवता येत. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर नवे आवाज भरायचे. प्रत्येक उतरवणीत टेपची खसखस थोडी वाढते आणि आधीचा निर्णय फिरवता येत नाही. ड्रम आणि गिटार एकत्र केले की केले, पुढे त्यांचा तोल बदलायचा नाही. आज संगणकावर शंभर ट्रॅक सहज मिळतात. हा अल्बम मात्र दर टप्प्यावर पक्का निर्णय घेत उभा राहिला, आणि त्याच्या आवाजात जी ठाम गर्दी जाणवते तिचं एक कारण हेच आहे.

या पद्धतीचा कस लागला तो शेवटच्या गाण्यात, ‘अ डे इन द लाइफ’मध्ये. गाण्याच्या मध्ये २४ बारची जागा मोकळी सोडली होती. तिथे १० फेब्रुवारी १९६७ रोजी ४० वादकांचा वाद्यवृंद बसवला गेला. सूचना अशी, की प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून निघायचं आणि ठरलेल्या वेळेत वरच्या सुरावर पोचायचं. वाटेत शेजाऱ्याचं ऐकायचं नाही. हे पुन्हा पुन्हा वाजवून एकावर एक चढवलं गेलं. चार ट्रॅक त्याला पुरणार नव्हते, म्हणून स्टुडिओतले अभियंते केन टाउनसेंड यांनी ५० हर्ट्झच्या सुराच्या मदतीने दोन यंत्रं एकत्र चालवली. शेवटचा प्रचंड स्वरमेळ २२ फेब्रुवारीला तीन पियानो आणि एक हार्मोनियम यांवर एकदम वाजवून घेतला. आवाज विरत गेला तसतशी एमरिक यांनी ध्वनिग्रहणाची पातळी वाढवत नेली. त्यामुळे तो मेळ ४० सेकंदांहून अधिक टिकतो आणि अगदी शेवटी खोलीतली हालचालसुद्धा ऐकू येते.

इथवरचं काम टेपवर झालं. टेपवरचा आवाज तबकडीत उतरवणं हे निराळं कौशल्य आहे. लॅकरचा मऊ थर दिलेली ॲल्युमिनियमची चकती फिरत असते आणि तापवलेली कोरणी तिच्यात खाच पाडत जाते. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर आणि मग निकेल चढवून धातूचा उलटा साचा काढतात. त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून दाबाचे साचे, म्हणजे ‘स्टँपर’. स्टँपरच्या जोडीत गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. कोरलेली मूळ चकती वाजवून बघता येत नाही, कारण पिनेच्या एका फेरीतच तिची खाच बिघडते. ईएमआयचे हॅरी मॉस यांनी हा अल्बम कोरला, तेव्हा शेवटचं बंद वर्तुळ नीट जुळलं की नाही हे कळायला त्यांना नमुना छाप हाती येईपर्यंत थांबावं लागलं.

हे वर्तुळ जुळवणं किती नाजूक काम होतं, ते थोड्या हिशेबाने कळतं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. बंद वर्तुळात मावेल एवढाच हा वेळ, आणि बडबडीची लांबी त्याच मापाची. आता आतल्या कडेचा वेग पाहा. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २०. फेऱ्याला वेळ तेवढाच, पण वर्तुळ लहान. त्या २० सेंटिमीटरमध्ये १५ किलोहर्ट्झच्या सुराची १५,००० कंपनं बसवायची, म्हणजे एका कंपनाच्या वाट्याला मिलिमीटरचा सत्तरावा भाग किंवा त्याहूनही थोडी कमी एवढीच जागा येते. साध्या गोल पिनेचं टोकच जवळपास तेवढं असतं. त्यामुळे झिजलेल्या पिनेने वारंवार वाजवलेल्या प्रतीतून हा सूर सगळ्यांत आधी घासला जातो. अमेरिकेतल्या कॅपिटल कंपनीच्या मूळ छापात हा सूर आणि ही बडबड दोन्ही नव्हती. आणि ज्या प्लेअरचा हात आपोआप उचलला जातो, त्यावर ब्रिटिश प्रत लावली तरी बडबड क्षणभरच कानावर पडते.

आता तोच गुळगुळीत पट्टा दिव्याखाली तिरका धरा. जमीन घेताना जाणता माणूस सातबारा बघतो, तसा जुनी रेकॉर्ड घेणारा हा पट्टा बघतो. ब्रिटिश प्रतीवर लेबलच्या खालच्या बाजूला मॅट्रिक्स क्रमांक असतो. मोनो प्रतीच्या पहिल्या बाजूवर ‘एक्सईएक्स ६३७’ आणि दुसरीवर ‘एक्सईएक्स ६३८’. स्टिरिओ असेल तर सुरुवातीला ‘एक्स’ऐवजी ‘वाय’. त्यापुढचा १ हा आकडा सांगतो की ही कोरणी पहिली. घड्याळात नऊ वाजतात त्या जागी मदरचा क्रमांक असतो आणि तीनच्या जागी स्टँपरचा. स्टँपरचा क्रमांक मात्र आकड्यांत नसून इंग्रजी अक्षरांत असतो. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे ०. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या कंपनीच्या नावातून ही दहा अक्षरं उचललेली आहेत. एका स्टँपरमधून ठरावीकच छाप चांगले निघतात, मग तो झिजतो. म्हणून एकटं ‘जी’ दिसलं की संग्राहकाचे डोळे लकाकतात.

लेबलही बोलतं. १९६७ची पार्लोफोन लेबलं काळी-पिवळी आहेत आणि त्यांवर फेरविक्रीच्या किमतीबद्दलची एक ओळ छापलेली असते. १९६९मध्ये लेबल काळं-चंदेरी झालं आणि त्यावर ईएमआयची चौकट आली. विक्रेता ‘ओरिजिनल’ म्हणत असेल आणि लेबल चंदेरी असेल, तर ती प्रत नंतरची. जॅकेट जुनं आणि आतली तबकडी नंतरची, अशी जोडही पुष्कळदा मिळते. म्हणून तबकडी बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्याकडच्या संग्राहकांना ही विद्या नवी नाही. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे असेच क्रमांक वाचून जुन्या गायक-गायिकांच्या ध्वनिमुद्रणांच्या तारखा लावण्याचं काम इथल्या मंडळींनी आवडीने केलं आहे.

मोनो घ्यावी की स्टिरिओ, हा प्रश्न या अल्बमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. मोनोच्या खाचेत पिन फक्त डावी-उजवीकडे हलते. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत झुकलेल्या असतात आणि प्रत्येक भिंतीवर एकेक बाजूचा आवाज कोरलेला असतो. १९६७ साली ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा प्लेअर होता, म्हणून बीटल्सनी स्वतः हजर राहून जपून केलं ते मोनोचं मिश्रण. स्टिरिओचं काम नंतर थोड्या दिवसांत, बहुतांशी त्यांच्या गैरहजेरीत उरकलं गेलं. त्यामुळे दोन्ही प्रतींत फरक आहेत. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत अधिक वेगाने आणि वरच्या पट्टीत चालतं, स्टिरिओत ते संथ आणि जड वाटतं. ‘लूसी’च्या गाण्यात मोनो प्रतीवरचा आवाज अधिक लहरता आहे. शीर्षकगीत शेवटाकडे पुन्हा येतं, तिथे मोनोत मॅकार्टनीचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. पुढे मोनोचे छाप बाजारातून जवळपास गेले आणि कित्येक वर्षं जगाने या अल्बमचं स्टिरिओ रूपच प्रमाण मानलं. २००९मध्ये मोनो सीडींचा संच आणि २०१४मध्ये मोनो एलपी पुन्हा निघाल्या. तोवर हे रूप प्रामुख्याने जुन्या तबकड्यांनी जपून ठेवलं होतं. सेकंडहँड बाजाराचं हे मोठं काम आहे: कंपन्या जे छापायचं थांबवतात, ते तिथे टिकून राहतं.

जॅकेट उघडून बघण्यासारखं आहे. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलाकार दांपत्याने पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या माणसाएवढ्या छायाचित्रांची गर्दी उभी केली आणि मायकल कूपर यांनी ३० मार्च १९६७ रोजी तिचा फोटो काढला. मागच्या बाजूवर सगळ्या गाण्यांचे शब्द छापले होते, जे रॉकच्या एलपीवर तोवर कुणी केलं नव्हतं. आत एक पुठ्ठा होता: कापून काढायच्या मिशा, खांद्यावरच्या पट्ट्या, बिल्ले. मूळ आतलं पाकीट लाल-गुलाबी लाटांचं होतं. जुन्या प्रतीत हा पुठ्ठा न कापलेला मिळणं दुर्मीळ, कारण तो मुलांनी कापावा म्हणूनच दिला होता.

त्या गर्दीत परमहंस योगानंद आहेत, त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर गिरी आहेत, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजीही आहेत. गांधीजींचंही चित्र मांडलं होतं. ईएमआयचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी ते काढायला लावलं. भारतात लोक दुखावले जातील ही त्यांची काळजी होती, आणि तिला व्यापारी बाजूही होती. ईएमआयच्या भारतातल्या ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता आणि देशभर विकल्या जाणाऱ्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड तिथेच दाबल्या जात. बीटल्सच्या एलपीही दमदमला निघाल्या. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बीटल्सची रेकॉर्ड सापडली, तर ती बहुधा दमदमचीच असते. अशा अनेक प्रतींवर मॅट्रिक्स क्रमांक इंग्लंडचेच दिसतात, कारण मूळ कोरणी तिकडची. लेबलवर ‘दमदम’ किंवा ‘मेड इन इंडिया’ आहे म्हणून नाक मुरडू नये. स्टँपर ताजा असताना निघालेला छाप असेल तर आवाज उत्तम असतो.

भारताचा खरा वाटा मात्र दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात आहे. जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६मध्ये मुंबईला आला, तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला. परतल्यावर त्याने ‘विदिन यू विदाउट यू’ रचलं. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेली एक दीर्घ रचना त्याच्यासमोर होती. गाण्यात खमाज थाटाचे स्वर आहेत. गायनाच्या भागात तीनताल आहे, आणि मधल्या वाद्यांच्या भागात झपताल येतो आणि दिलरुबा नि सतारीचे सवालजवाब रंगतात. १५ मार्च १९६७च्या ध्वनिमुद्रणात बाकीचे तिघे बीटल्स वाजवायला नव्हते. वाजवायला आले होते लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’शी संबंधित भारतीय वादक. ३ एप्रिलला आठ व्हायोलिन आणि तीन चेलो जोडले गेले, आणि जॉर्ज मार्टिन यांनी त्यांच्याकडून दिलरुब्यासारखी मींड काढून घेतली. हे गाणं बाजू उलटल्यावर लगेच येतं. पहिली बाजू संपते, श्रोता उठतो, तबकडी फिरवतो, आणि तंबोऱ्याच्या आवाजाने दुसरं जग सुरू होतं. सलग वाजणाऱ्या यादीत हा खंड नाहीसा होतो आणि गाणं मध्येच घुसल्यासारखं वाटतं. तबकडीवर ते आपल्या जागी आहे.

प्रत विकत घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली नजरेने: तबकडी उजेडात तिरकी फिरवा. केसासारखे वरवरचे ओरखडे फार त्रास देत नाहीत. नख हलकेच फिरवल्यावर ज्यात अडकतं तो ओरखडा मात्र दर फेऱ्याला टकटक करणार. भोकाभोवती राखाडी रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड पुष्कळ वाजली आहे. दुसरी कानाने, आणि ती या अल्बमच्या शेवटच्या गाण्यावर. झीज डोळ्यांना दिसत नाही. त्या काळच्या स्वस्त प्लेअरची पिन कित्येक ग्रॅम वजनाने दाबायची, आज दीड-दोन ग्रॅम पुरेसे मानतात. वाद्यवृंदाचा सगळ्यांत मोठा आवाज नेमका आतल्या, सगळ्यांत अरुंद वर्तुळांत कोरलेला आहे. तिथे तो फाटला, चिरका झाला, तर खाच झिजली समजा. लगेच मागून येणारा पियानोचा मेळ विरत जातो तेव्हा तबकडीवरची प्रत्येक कुरकुर उघडी पडते. ही दोन मिनिटं सुखरूप गेली तर उरलेली रेकॉर्ड डोळे मिटून घ्यावी. घरी आणल्यावर डिस्टिल्ड पाण्याने आणि मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने पुसा. साधी धूळच पुष्कळ खरखर करते. मोनो प्रत असेल आणि ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा. पिनेच्या वर-खाली हलण्यातून येणारा आवाज त्याने कटतो आणि रेकॉर्ड एकदम शांत होते.

पहिला छाप मिळालाच पाहिजे असा हट्ट नको. १९६७च्या मे अखेरीस हा अल्बम ब्रिटिश दुकानांत आला आणि २३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, तेव्हा प्रती अमाप निघाल्या. न हाताळलेली प्रत महाग असते, वाजवलेली परवडते. आधीच्या मालकाने लेबलवर पेनाने नाव लिहिलं असेल तर भाव आणखी उतरतो, पण आवाजाला त्याने काहीच होत नाही.

नावांची गोष्ट निघालीच आहे तर एक काम घेणाऱ्याने करावं. सगळे शब्द छापणाऱ्या आणि मिशांसाठी पुठ्ठा देणाऱ्या या जॅकेटवर १५ मार्चच्या भारतीय वादकांची नावं नाहीत. ती सर्वांसमोर यायला जवळपास ५० वर्षं गेली. दिलरुबा अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोरा बुद्धदेव कन्सारा, तबला नटवर सोनी. त्यातलं अण्णा जोशी हे नाव तर मराठी घरातलंच वाटावं असं आहे. आपल्या हाती आलेल्या प्रतीत ही चार नावं एका कागदावर लिहून आतल्या पाकिटात ठेवावीत. जुन्या रेकॉर्ड हात बदलत राहतात. आपल्यानंतर ती ज्याच्या घरी जाईल, त्याला दुसरी बाजू लावताना कोण वाजवतंय हे ठाऊक असेल.